तीन नंबरच्या गाडीचा डोळा

माझी सून निशिगंधा ज्या कंपनीत नोकरी करते, तिथे गाड्यांचे डोळे तपासतात. डोळा हा शब्द माझा. तिच्याकडे त्याला लांबलचक नाव आहे. ते तिने मला दोनदा समजावून सांगितलं होतं, आणि तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली. गाडीच्या नाकावर, नंबरप्लेटच्या जरा वर, मोठ्या नाण्याएवढी काच असते आणि तिच्यामागे कॅमेरा. समोर माणूस आला, सायकल आली, की गाडी ते ओळखते, आधी आवाज करून ड्रायव्हरला सावध करते आणि त्याने ब्रेक दाबला नाही तर स्वतः दाबते. काच मळली की मात्र डोळ्याला दिसेनासं होतं. मग ड्रायव्हरसमोर पिवळा दिवा लागतो, बारीक घंटी वाजते, आणि तिथून पुढे गाडी सगळं ड्रायव्हरवर सोडून देते.

निशिगंधाचं काम या डोळ्याचं भविष्य सांगण्याचं. असं म्हटलं की ती हसायची. "कुंडली नाही हो बाबा, आकडे असतात." चार गाड्या बारा आठवडे चालवायच्या, घंटी किती वेळा वाजली ते मोजायचं, आणि त्यावरून सांगायचं की अशा साठ गाड्या वर्षभर धावल्या तर डोळा किती वेळा मिटेल आणि काच किती दिवसांनी पुसावी लागेल. धूळ आणि पाणी चिकटू नये म्हणून चार गाड्यांच्या काचांवर चार निरनिराळे लेप दिले होते. त्यांतला कुठला भरवशाचा, हे तिला सांगायचं होतं.

मी पुण्याचा. एका छापखान्यात सदतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि आपल्या हातून एखादी सुटली असेल या धास्तीने घरी जायचं, अशी नोकरी. पत्नी गेल्यावर मुलाने, सुबोधने, मला सिंगापूरला आणलं. तो इथे बँकेत आहे. सेम्बावांगला नवव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे, आठ वर्षांची नात आहे, आणि पुस्तकांनी भरलेल्या माझ्या दोन पेट्याही आहेत. दोन वर्षं झाली, पण अजूनही लिफ्टमध्ये कोणी बोललं तर मला उत्तर सुचेपर्यंत त्यांचा मजला येतो.

परीक्षेच्या या चार गाड्या म्हणजे बारा माणसांच्या मिनीबस. आमच्या भागातल्या वयस्कर माणसांना सकाळी वुडलँड्सला न्यायचं आणि दुपारी परत आणायचं. कोणी दवाखान्यात उतरायचं, कोणी व्यायामाच्या वर्गाला, मी वाचनालयात. माझं नाव निशिगंधानेच घातलं. "प्रवासी हवेतच आम्हाला, बाबा. तेवढेच तुम्ही घराबाहेर पडाल."

माझ्या वाट्याला तीन नंबरची गाडी आली. ती सव्वाआठला आमच्या इमारतीखाली येऊन थांबायची. ड्रायव्हर मिस्टर कोह, साठीच्या पुढचे, टक्कल पडलेले, सदा घामेजलेले. गाडी उभी केली की ते कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफी प्यायला जायचे. साडेआठला बाकीचे प्रवासी जमायचे. मी मात्र सव्वाआठच्याही आधी येऊन उभा असायचो. उशीर होईल या भीतीने लवकर जाण्याची माझी जुनी खोड आहे.

पहिल्याच दिवशी मी पाहिलं, तर त्या डोळ्यावर साळुंकीने घाण केलेली. मी आठव्या वर्षापासून चष्मा लावतो. भिंग मळलेलं असेल तर मला धड ऐकूसुद्धा येत नाही. त्या काचेकडे बघवेना. शिवाय ती निशिगंधाची गाडी. तिने महिनोन् महिने राबून रस्त्यावर आणलेली, आणि पहिल्याच दिवशी अशा डोळ्याने निघायची? आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी रुमाल काढला, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि चष्मा पुसतो तशी ती हलक्या हाताने पुसली. मग सवयीने बॉनेटला हात लावून तो छातीशी नेला. पुण्यात रिक्षात बसतानाही मी तसं करायचो.

दुसऱ्या दिवशी काचेवर किडे होते. तिसऱ्या दिवशी चिखलाचे शिंतोडे. मग रोजचंच झालं. रविवारी गाडी नसे. बाकी सहा दिवस वाफ, रुमाल, नमस्कार. घरी मी हे बोललो नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

अकरा आठवडे असे गेले.

अकराव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. निशिगंधाने ताटाशेजारी लॅपटॉप उघडून ठेवला होता. तिच्या सासूला ते चाललं नसतं. मला चालतं.

"तीन नंबरचं काही कळत नाही मला," ती म्हणाली. "बाकीच्या तिन्ही गाड्यांची घंटी तीस-तीस वेळा वाजली. तीन नंबरची फक्त दोनदा."

"म्हणजे तो लेप चांगला," सुबोध म्हणाला. "मग तोंड असं का?"

"एवढा चांगला कसा असेल?"

"वाईट आलं की रडायचं, चांगलं आलं तरी रडायचं. बाबा, हिला सांगा काहीतरी."

मी मान हलवली. कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं.

"मिस्टर तेओ तर नाचताहेत," ती म्हणाली. मिस्टर तेओ म्हणजे तिचे साहेब. "शुक्रवारी आकडा द्यायचा. या लेपाची काच पंधरा दिवसांतून एकदा पुसली तरी पुरे, असा आकडा येतोय. मग साठच्या साठ गाड्यांना हाच लेप, आणि रोजच्या पुसण्याची माणसं बंद."

"ड्रायव्हर पुसत असेल की गं मधूनच," सुबोध म्हणाला.

"छे. ड्रायव्हरांकडून लिहून घेतलंय. काचेला बोटसुद्धा लावायचं नाही. सोमवारी डेपोत आमचा माणूस पुसतो, तेवढंच. आणि कोह तर नियमाचा इतका पक्का आहे की काच दिसेल म्हणून गाडीपुढून जातसुद्धा नसेल."

माझा घास हातातच राहिला. नात म्हणाली, "आजोबा, युअर आमटी इज ड्रिपिंग." मी हात ताटावर आणला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वाक्यं होती. पण समोर निशिगंधा होती, दमलेली, पण कित्येक दिवसांनी जरा खुललेली. सुबोध तिच्या ताटात पोळी वाढत होता. आणि मला वाटलं, आपल्या रुमालाने असं काय होणार आहे? एवढी यंत्रं, एवढे आकडे, सगळे शिकलेले लोक, आणि एका म्हाताऱ्याचा रुमाल. स्वतःला एवढं महत्त्व देणं मला बरं वाटेना. ठरवलं, आधी खात्री करून घेऊ. उद्या पुसायचं नाही. काय होतं ते बघायचं.

बुधवारी मी गाडीपासून चार हात लांब उभा राहिलो. काचेवर धुळीचा पातळ थर होता. हात खिशात घालून ठेवले. गाडी वुडलँड्सला गेली, दुपारी परत आली. घंटी वाजली नाही. मला इतकं हलकं वाटलं की वाचनालयातून आणलेली दोन्ही पुस्तकं मी संध्याकाळीच चाळून काढली. बघ, मी स्वतःला म्हटलं, तुझ्यामुळे काही होत नाही.

गुरुवारी पहाटे पाऊस पडून गेला होता. सकाळी डोळ्यावर चिखल वाळला होता आणि त्याला कसलासा पिवळा मोहोर चिकटला होता. मी पुन्हा लांब उभा राहिलो.

आम्ही सातजण होतो. माझ्या पुढच्या बाकावर मॅडम लिम बसायच्या, दवाखान्यात जाणाऱ्या. त्या रोज मला एक आल्याची गोळी द्यायच्या आणि मी थँक्यू म्हणायचो. आमची ओळख एवढीच. वाटेतच पिवळा दिवा लागला, घंटी वाजली. मिस्टर कोह काहीतरी पुटपुटले. दवाखान्यापाशी गाडी वळली, आणि बसथांब्यामागून एक बाई चाकांची पिशवी ओढत एकदम रस्त्यावर आली. मॅडम लिमच्याच वयाची असेल. इतके दिवस अशा वेळी गाडी आधी ओरडायची. आज ती गप्प राहिली. मिस्टर कोहनी ब्रेक दाबला. आम्ही सगळे पुढे आदळलो, आल्याच्या गोळ्यांचा डबा खाली पडला. ती बाई वळून बघतसुद्धा नव्हती. पिशवी ओढत शांतपणे पलीकडे गेली.

कोणाला काही लागलं नाही. मिस्टर कोह चांगले ड्रायव्हर आहेत. पण साठ गाड्या म्हणजे साठ ड्रायव्हर, आणि त्यांतला एखादा दमलेला असणार, एखाद्याचं लक्ष दुसरीकडे असणार. त्याच दिवसासाठी तर तो डोळा बसवलाय. एवढं मलाही कळत होतं.

वाचनालयापाशी शेवटी मी एकटाच उतरलो. मिस्टर कोह खिडकीतून वाकून म्हणाले, "अंकल, टू डेज यू नेव्हर प्रे. सी, लाइट कम आउट."

मला कळलं नाही. "प्रे?"

त्यांनी तोंडाने वाफ सोडल्यासारखं केलं, हवेत हात गोल फिरवला आणि छातीशी नेला. माझंच सोंग, अगदी हुबेहूब. म्हणजे ते कॉफीच्या दुकानातून रोज बघत होते.

"मिस्टर कोह," मी धीर करून विचारलं, "काचेला हात लावायचा नाही, असा नियम आहे ना?"

"नियम माझ्यासाठी," ते इंग्रजीत म्हणाले. "मी हात लावला तर माझी नोकरी जाईल. तुम्ही प्रार्थना करता. दुसऱ्याच्या प्रार्थनेत मी कसा मध्ये येऊ? तुमच्या देवाला राग येईल, माझ्या बायकोला पण राग येईल."

ते हसत निघून गेले. मी वाचनालयात गेलो नाही. दारापाशी एक बाक आहे, त्यावर दुपारपर्यंत बसून राहिलो. निशिगंधाला काय सांगायचं ते मनात मांडत होतो आणि खोडत होतो. मराठीत मांडलं, मग वाटलं, तिच्या कामाचं आहे, इंग्रजीत सांगावं. इंग्रजीत मांडायला गेलो तर पहिल्या वाक्यालाच अडलो.

संध्याकाळी सहाला ती एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवरून चालत येते. आमच्या इमारतीखाली खांबांमधली मोकळी जागा आहे, तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथल्या दगडी टेबलाशी मी थांबलो. वर घरात सांगितलं असतं तर सुबोध मध्ये पडला असता, आणि मी पुन्हा मान हलवून मोकळा झालो असतो.

"बाबा, खाली का बसलात? बरं आहे ना?"

"मला बरं आहे. तू बस जरा." ती बसली. "निशिगंधा, तीन नंबरच्या गाडीची काच मी पुसत होतो."

"काय?"

"रुमालाने. रोज. मिस्टर कोहना वाटलं मी प्रार्थना करतोय."

मी पुढचंही सांगून टाकलं, बुधवारचं, गुरुवारचं, त्या पिशवीवाल्या बाईचं. सकाळपासून मांडलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही.

"रोज?" ती म्हणाली.

"रविवार सोडून."

"अकरा आठवडे, बाबा." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "अकरा आठवडे मी त्या लेपाचं कौतुक करत होते. त्याच्यावर बारा पानं लिहिलीत मी. आणि तो लेप म्हणजे तुमचा रुमाल?"

"हो."

"मंगळवारी मी जेवताना बोलले, तेव्हा कळलं तुम्हाला?"

"हो."

"मग दोन दिवस गप्प का बसलात?"

याचं उत्तर सकाळी मांडलेल्यात नव्हतंच. जे होतं ते सांगितलं. "माझ्यामुळे काही होतं, असं मला सहसा वाटत नाही. म्हणून आधी खात्री करून घेत होतो."

ती उठून खांबापर्यंत गेली. तिथे पाठ करून उभी राहिली. कोणीतरी सायकल घेऊन मधून गेलं. मला वाटलं, आता ती लिफ्टने वर जाईल. जायलाच हवं होतं तिने. पण ती परत आली आणि बसली, आणि पर्समधून वही काढली.

"तुम्ही कुठल्या दिवशी पुसलं नाहीत? आठवून सांगा."

"सर्दी झाली होती तेव्हा तीन दिवस. जाईच्या शाळेत गेलो होतो तो एक. आणि हे दोन."

जाई म्हणजे माझी नात. निशिगंधाने तारखा लिहिल्या आणि फोनमध्ये काहीतरी शोधलं. "आजच्या आधी घंटी दोनदाच वाजली होती. दोन्ही वेळा तुमच्या सर्दीत." ती एकदम हसली, पण ते हसू पुरतं आलंच नाही. "बघा. आणि म्हणे माझ्यामुळे काही होत नाही."

मग तिने तिथूनच मिस्टर तेओंना फोन लावला. मला अर्धंच ऐकू येत होतं. उद्याचा आकडा चुकीचा आहे, असं तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं. ते मला फार शिकण्यासारखं वाटलं. पलीकडून बरंच काही बोलणं झालं. मग ती म्हणाली, "माय फादर-इन-लॉ." पुन्हा म्हणाली, "येस. माय फादर-इन-लॉ. विथ अ हँकरचीफ."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, मग उद्या मी लोकांना दाखवू काय? मी म्हटलं, काहीच दाखवू नका. म्हणजे तसं म्हटलं नाही, मनात म्हटलं. तोंडाने सॉरी म्हटलं सात-आठ वेळा."

"तुझं नुकसान झालं माझ्यामुळे."

"झालं," ती म्हणाली. ती कधी गोड खोटं बोलत नाही. "बढतीचं यावर्षी विसरायचं. पण पंधरा दिवसांतून एकदा पुसा असं मी लिहून दिलं असतं, बाबा, आणि पुढच्या वर्षी कुठेतरी एखादी बाई पिशवी घेऊन—" ती थांबली. "चला वर. भूक लागलीय."

लिफ्टमध्ये तिने माझ्या हातातली पुस्तकांची पिशवी घेतली. ती रिकामी होती, कारण मी त्या दिवशी वाचनालयात गेलोच नव्हतो. पिशवीत डोकावून ती म्हणाली, "दिवसभर बाहेरच बसलात ना?" मी उत्तर शोधेपर्यंत आमचा मजला आला.

शुक्रवारी ती मीटिंगला आकड्याशिवाय गेली. संध्याकाळी आली तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण वाईट नव्हता. मला अजून माहीत नाही, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. एकजण म्हणाला, मग अकरा आठवडे काय केलंत? एकाने, हे काम दुसऱ्याकडे द्यावं, असंही सुचवलं. ते झालं नाही. नव्याने आठ आठवडे चाचणी घ्यायची ठरली आणि ती तिच्याकडेच राहिली. फक्त या वेळी चारही गाड्यांवर त्या काचेकडे बघणारा आणखी एकेक कॅमेरा लावणार होते.

"आणि अजून एक," ती म्हणाली. "मिस्टर तेओंनी शेवटी विचारलं, तुझ्या सासऱ्यांनी रोज एकदाच पुसलं, आणि अकरा आठवडे डोळा उघडा राहिला? लेप कुठला का असेना? मी म्हटलं, तसंच दिसतंय, पण तपासावं लागेल. म्हणाले, मग तेही तपास. आता एका गाडीची काच कोह रोज पुसणार. रीतसर. पण तुम्ही पुसायचा तसंच पुसायला हवं. म्हणून मला ते लिहून घ्यायचंय."

"काय लिहून घ्यायचंय?"

"तुमची पद्धत."

माझी कसली पद्धत, मी म्हटलं. पण शनिवारी सकाळी तिने ऑफिसमधून आणलेली तसलीच एक काच जेवणाच्या टेबलावर ठेवली. तिच्यावर मुद्दाम माती लावून वाळवलेली होती. सुबोध चहाचा कप घेऊन बघायला आला, त्याला तिने आत पाठवलं. माझ्यासमोर रुमाल ठेवला, स्वतः वही-पेन आणि फोनवरचं घड्याळ घेऊन बसली.

"वाफ किती वेळा सोडता?"

"एकदा. फार मळलेली असेल तर दोनदा."

"फार म्हणजे किती?"

मला सांगता येईना. ती म्हणाली, "बरं, राहू दे. पुसा. अगदी नेहमीसारखं पुसा."

मी वाफ सोडली आणि पुसायला लागलो. पण हात नेहमीसारखा चालेना. आधी डावीकडून गोल फिरवायचो की उजवीकडून? रुमालाची दुहेरी घडी असायची की चौपदरी? अकरा आठवडे जे हाताला माहीत होतं ते विचारायला गेलो तर हात बोलेचना.

"एवढं हळू, बाबा?"

"तू बघतेस म्हणून."

खुर्ची उचलून तिने उलटी फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. "आता बघत नाही. झालं की सांगा."

तिच्या पाठीकडे बघत मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी हात आपोआप चालला. माती सुटत गेली, काच दिसायला लागली. उजेडात धरून पाहिली, स्वच्छ होती. तरी कडेला एक फेरी अजून मारली.

"झालं," मी म्हटलं. आणि लगेच सांगून टाकलं, "पण शेवटी एकदा जास्त पुसली."

"का?"

"खात्री नव्हती म्हणून."

"रोज असंच करायचात?"

"रोज."

"मग तेही लिहिते," ती पाठमोरीच म्हणाली, आणि मला तिच्या पेनाचा आवाज ऐकू आला.